गोळ्या बोलतात, ऐकणारा हवा

मंत्रालयाच्या दारात, विमानतळावर आपल्याला एका चौकटीतून जावे लागते आणि खिशातल्या किल्ल्यांनी ती चौकट ओरडते. तेच मेटल डिटेक्टर हातात धरून फिरण्याजोगेही मिळते. लांब दांडा आणि टोकाला ताटलीएवढे तारेचे वेटोळे. वेटोळ्यातून वीज वाहिली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. खाली मातीत धातू असला की त्या क्षेत्रात बदल होतो आणि कानाला आवाज येतो. शिशाचा आवाज वेगळा, लोखंडाचा वेगळा; सरावलेल्या कानाला तो कळतो. वीतभर खोलीवरची बंदुकीची गोळी सहज सापडते.

युरोप-अमेरिकेत हौशी माणसे सुट्टीच्या दिवशी हे यंत्र घेऊन जुन्या लढायांच्या जागी बटणे, बिल्ले, गोळ्या शोधत हिंडतात. त्या हौसेचे आम्हांला फारसे कौतुक नाही. पण याच यंत्राने एकदा, ज्यांचे कोणी ऐकत नव्हते अशा लोकांचे म्हणणे खरे ठरवले. ती हकिकत आपल्या घराघरांत वाचली जावी असे आम्हांला वाटते.

अमेरिकेच्या माँटाना भागात लिटल बिगहॉर्न नावाची नदी आहे. ब्लॅक हिल्सच्या डोंगरात सोने सापडले आणि १८६८ च्या तहाने लकोटा लोकांना दिलेली ती भूमी गोऱ्यांच्या डोळ्यांत भरली. २५ जून १८७६ रोजी कस्टर या अधिकाऱ्याने नदीकाठच्या मूळनिवासींच्या मोठ्या तळावर घोडदळ घातले. लकोटा, शायान आणि अरापाहो लढवय्यांनी त्याचा पाडाव केला. कस्टरबरोबरच्या तुकडीत सुमारे २१० माणसे होती. त्यांतला एकही वाचला नाही.

लढाई मूळनिवासींनी जिंकली, पण तिची गोष्ट सांगितली हरलेल्यांनी. १८८१ मध्ये टेकडीवर सैनिकांच्या नावांचा स्तंभ उभा राहिला. १८९० मध्ये सैनिक जेथे पडले तेथे पांढरे दगड रोवले गेले. शेवटच्या क्षणापर्यंत ताठ उभा राहून लढणारा कस्टर एका बिअर कंपनीने छापलेल्या चित्रातून दारूच्या गुत्त्यांच्या भिंतींवर चढला, पुढे सिनेमात गेला. ज्यांची भूमी गेली, ज्यांची मुलेबाळे त्या दिवशी तळावर होती, त्यांच्या मृतांसाठी एकही सरकारी दगड नव्हता.

ते लोक गप्प होते काय? मुळीच नाही. रेड हॉर्स या लकोटा योद्ध्याने १८८१ मध्येच आपली हकिकत हातवाऱ्यांच्या भाषेत सांगितली आणि सोबत ४२ चित्रे काढून दिली. शायान वृद्धही सांगत राहिले. सैनिकांची फळी फुटली, गोंधळ उडाला, शेवटी झटपट सारे आटोपले, असा त्यांतल्या अनेकांच्या बोलण्याचा मथितार्थ होता. पण हे लोक एकमेकांशी न जुळणारे सांगतात, बढाया मारतात, म्हणून त्यांचे बोलणे बाजूला ठेवले गेले. अडाण्याच्या साक्षीला किंमत नसते, हा न्याय आपल्यालाही नवा नाही.

१९८३ च्या ऑगस्टमध्ये त्या माळरानाला वणवा लागला आणि शंभर वर्षांचे गवत जळून जमीन उघडी पडली. मग १९८४ आणि १९८५ मध्ये डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स या पुरातत्त्व अभ्यासकांनी तेथे मेटल डिटेक्टर चालवणारे स्वयंसेवक बोलावले. भात लावणाऱ्या बायका जशा ओळीने सरकतात तशी ही माणसे ठरावीक अंतर राखून सरकत होती. आवाज आला की कोणी उकरायचे नाही, तेथे फक्त बारीक निशाण खोवायचे. मागची तुकडी हलक्या हाताने माती काढून वस्तू उघडी करी. गोळी कोणत्या दिशेने घुसली तेही पाही. त्यामागून मोजणीवाले येत, जागा नकाशावर घेत आणि मगच वस्तू उचलली जाई. अशा हजारो वस्तू निघाल्या.

खरी गंमत रिकाम्या पुंगळ्यांत होती. बंदुकीची पिन काडतुसाच्या बुडावर आपटते तेव्हा तिची खूण उमटते आणि ती प्रत्येक बंदुकीची वेगळी असते. खुनाच्या तपासात पोलीस हेच पाहतात. एकाच बंदुकीच्या पुंगळ्या कोठेकोठे पडल्या हे जुळवले की ती बंदूक घेऊन माणूस कसा चालत गेला ते शंभर वर्षांनी दिसते. नकाशावर दिसले ते असे: एका टेकडीवर सैनिकांच्या पुंगळ्या आधी शिस्तीत अंतर राखून पडलेल्या, मग घोळक्याने. शेवटच्या शौर्याच्या म्हणून गाजलेल्या टेकडीवर त्या अपेक्षेपेक्षा कमी. मूळनिवासींकडे मात्र चाळीसच्या वर प्रकारच्या बंदुका, त्यांत एकामागून एक गोळ्या झाडणाऱ्या हेन्री आणि विंचेस्टर रायफलीही. सैनिकांकडे होती ती एकेक गोळी भरायची स्प्रिंगफील्ड कारबाईन. ती अडकत होती म्हणून हार झाली, असा बचाव केला जाई. पण पुंगळी अडकल्याच्या खुणा थोड्यांवरच सापडल्या.

म्हणजे त्या वृद्धांनी सांगितले होते त्याच्याशी माती बरीचशी जुळली. सगळे अभ्यासक सगळ्याच बाबतीत एकमताचे नाहीत. पण त्यानंतर मूळनिवासींच्या हकिकती भाकडकथा म्हणून टाकून देणे अवघड झाले. १९९१ मध्ये कायदा करून त्या जागेचे कस्टरच्या नावाचे नाव काढले आणि नदीचे नाव दिले. १९९९ पासून पडलेल्या योद्ध्यांसाठी लाल दगड बसू लागले आणि २००३ मध्ये मूळनिवासींचे स्मारक खुले झाले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गोळी बोलली ती ज्या जागी होती त्या जागेमुळे. तीच कोणी हौशी माणसाने खिशात घालून नेली असती तर कपाटातले शिसे, एवढीच तिची किंमत. म्हणूनच अमेरिकेत सरकारी जमिनीवरून अशा वस्तू उचलण्याविरुद्ध १९७९ चा कायदा आहे. आपल्याकडे संरक्षित स्थळी खणायला १९५८ च्या कायद्याने बंदी आहे. आणि जिवाचा धोका वेगळाच. लष्कराच्या सरावाच्या माळांवर पितळ-तांब्याच्या लोभाने, लोभ कसला, पोटासाठी, न फुटलेले गोळे उचलणाऱ्या गरिबांचे जीव गेले आहेत. मुलांना हे बजावून सांगा: सापडलेल्या गोळ्याला हात लावायचा नाही, ठोकायचा तर नाहीच, लांब उभे राहून पोलिसांना कळवायचे.

आता आपल्या घराकडे वळू. कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावे आहेत. त्यांतील २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे, म्हणून ती आपली माणसे हे कळते. बाबासाहेब १९२७ च्या १ जानेवारीला त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. पण १९१७ च्या १११ महार पलटणीत गेलेले, ती १९२१ मध्ये मोडल्यावर गावी परतलेले, किंवा १९४१ च्या महार रेजिमेंटमध्ये भरती झालेले, या साऱ्यांची नावे कोणत्या दगडावर आहेत? अनेकांची साक्ष पेटीच्या तळाशी आहे: एखादे मेडल, टोपीचा बिल्ला, नाव कमी केल्याचा कागद.

पहिल्या महायुद्धाचे ब्रिटिश वॉर मेडल चांदीचे असे, म्हणून अडचणीच्या दिवसांत कितीतरी सोनाराच्या मुशीत गेली असतील. सैन्यामागे गेलेल्या मजुरांच्या तुकड्यांना तेच काशाचे मिळे. दोन्हींच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. राखेने, चिंचेने घासू नका; अक्षरे झिजतात. ती इंग्रजी असतात आणि बारीक असतात. घरातल्या शिकत्या लेकीच्या हाती भिंग द्या, तिला ती वहीत उतरवायला सांगा आणि खाली आजी काय सांगते तेही लिहून घ्यायला लावा.