बाराबंदीच्या गाठी

१८४३ साली जेम्स बर्न्स या स्कॉटिश डॉक्टरने मुंबईत ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही फ्रीमेसन या बंधुसंघाची लॉज (शाखा) काढली आणि तिचं दार हिंदी माणसांना उघडलं. दार उघडलं, पण कोकराच्या कातड्याचा पांढरा एप्रन अन् शपथा आतच राहिल्या. आम्हा सोलापूरकरांना त्याचं फारसं कौतुक नाही. आमचा पांढरा वेश संक्रांतीला भर रस्त्यातून चालतो.

हा वेश बाराबंदीचा. गुंड्या नाहीत, सगळा कारभार बंदांवर. पोरगा पहिल्यांदा अंगात घालतो तेव्हा कुठला बंद कुठल्याला बांधायचा हेच त्याला उमगत नाही. मग आजोबा त्याला पुढ्यात उभा करतात, ‘पोट आत घे’ म्हणतात आणि गाठी मारून देतात. दीक्षा म्हणायची तर एवढीच.

हा वेश सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेचा. तीत सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेले उंच वेळू, निघतात, त्यांचा क्रम ठरलेला. पहिला हिरेहब्बूंचा, दुसरा देशमुखांचा, शेवटचे दोन मातंग समाजाचे. मान जातीजातीत वाटलेला आहे, हे खरंच. पण सातांतला एक जरी मागे राहिला तरी मिरवणूक पुढे सरकत नाही.

आख्यायिका अशी: कुंभाराच्या मुलीने सिद्धेश्वरांशी लग्नाचा हट्ट धरला. ते योगी, म्हणाले, माझ्या योगदंडाशी कर. नंदीध्वज म्हणजे तो योगदंड. म्हणून भोगीला संमती कट्ट्यावर अक्षता पडतात आणि संक्रांतीला होम.

नंदीध्वज पेलताना मात्र आख्यायिकेवर भागत नाही. उंच वेळू कमरेच्या पट्ट्यात रोवून तोल सांभाळायचा. वारा आला की शेंडा आधी झुकतो आणि खाली पेलणाऱ्याच्या पोटरीला ते सर्वांआधी कळतं. त्यासाठी यात्रेआधी कित्येक दिवस सराव चालतो, गल्लीत, सगळ्यांदेखत. होमाच्या रात्री नंदीध्वजाला नागफणा बांधतात. भार वाढतो आणि तो एकट्यानेच पेलायचा असतो. त्या वेळी ‘हर्र बोला हर्र’ म्हणणारे गळेही क्षणभर थांबतात.

शेवटी मल्लिकार्जुनाच्या देवळात कप्पडकळ्ळी. शब्द कानडी, अर्थ कापड उतरवणं. साज उतरला की नंदीध्वजाचा पुन्हा साधा वेळू होतो. घरोघरी बाराबंद्या धुऊन वाळत पडतात आणि घडी घालताना बंदांचा गुंता सोडवत बसावं लागतं.