पहिलं वर्ष

बिडकीनच्या आमच्या शेजारच्या वहिनींचे यजमान ज्येष्ठात गेले, ऐन पेरणीच्या तोंडावर. वर्षश्राद्ध झालं की मन सावरतं म्हणतात. पण ते वर्ष काढायचं कसं, हे मात्र कुणी सांगत नाही. पोळ्याला बैल दारात आले आणि वहिनी माजघरात गेल्या. दिवाळीत कापूस वेचणीनं हात गुंतले, तेवढंच बरं!

सर्वांत अवघड संक्रांत. गल्लीभर हळदीकुंकू, आणि त्यांचं दार टाळून बायका पुढे जात होत्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला. पाठोपाठ सरकारनं परिपत्रकही काढलं. पण मैत्रिणींनो, आपल्या गल्लीत पाऊल आपल्यालाच उचलावं लागतं ना?

मी तिळगूळ घेऊन गेले, करंडा पदराआड. विचारायचा धीर होईना. त्यांनीच कपाळ पुढे केलं.

वैशाखात, अक्षय्य तृतीयेला, त्यांनी यजमानांच्या नावानं पाण्याची घागर भरली. पानात आमरस वाढताना म्हणाल्या, “यांना दोन वाट्या लागायच्या हो,” आणि चक्क हसल्या.