मीठ दगड फोडतं, स्टील पोखरतं!



सुट्टीत रिसॉर्टला जाऊन आलेली मुलं विचारतात, "बाई, तिथल्या स्विमिंग पूलचं पाणी खारट का होतं?"

काही तलावांत क्लोरीन विकत आणून न टाकता साधं मीठ टाकतात, लिटरला साधारण ३ ते ४ ग्रॅम. यंत्रातून वीज सोडली की त्या मिठापासून क्लोरीन तयार होतो आणि जंतू मरतात. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. मग एवढ्याशा मिठाने काय बिघडणार?

बिघडतं! कारण पाणी वाळून उडून जातं, मीठ मात्र मागेच राहतं. काठावर रोज पाणी उडतं, रोज वाळतं आणि मीठ साठत जातं.

दगडाचं काय होतं?
खारं पाणी दगडाच्या बारीक छिद्रांत मुरतं. ते वाळलं की आत मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगडाला आतून रेटतात. ओल्या भिंतीला लोणा धरून पोपडे सुटतात ना, तसंच. वालुकाश्म, चुनखडी यांसारखे सच्छिद्र दगड लवकर झिजतात.

धातूचं काय होतं?
स्टेनलेस स्टीलवर एक अतिशय पातळ संरक्षक थर असतो. मिठातलं क्लोराइड तो जागोजागी फोडतं आणि खाली बारीक खड्डे पडतात.

हा प्रश्न फक्त डागांचा नाही. स्वित्झर्लंडमधल्या उस्टर इथे ९ मे १९८५ रोजी बंदिस्त तलावाचं काँक्रीटचं छत कोसळून १२ जण दगावले. छत ज्या स्टेनलेस स्टीलच्या सळ्यांवर टांगलं होतं, त्यांना क्लोराइडमुळे तडे गेले होते. तो तलाव मिठाचा नव्हता, नेहमीचा क्लोरीनचा होता. पण क्लोराइड तिथेही होतंच.

वर्गात करून बघा
ताटलीत दाट मिठाचं पाणी घ्या आणि त्यात विटेचा तुकडा उभा ठेवा. काही दिवसांत वरच्या कोरड्या भागावर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसेल. ते मीठ! दोन लोखंडी खिळे घ्या. एक साध्या पाण्याने, दुसरा मिठाच्या पाण्याने रोज भिजवून वाळवा. आठवड्याने मुलांनाच फरक सांगू द्या.

उपाय सोपा आहे. काठ, शिडी, कठडे रोज गोड्या पाण्याने धुवायचे. आणि पालकहो, मुलाला शिडीवर चढू देण्याआधी तिचे सांधे एकदा हलवून बघा.