शरदाची पहाट गार का?

भाद्रपद सरत आला की दिल्ली-अंबाल्याच्या मैदानात दुपारी ऊन चटके देते आणि पहाटे मात्र पांघरूण ओढावेसे वाटते. पावसाळी मेघांचे आच्छादन हे भूमीवर घातलेल्या गोधडीसारखे असून, रात्री ते तिची ऊब बाहेर निसटू देत नाही. सप्टेंबरच्या मध्यास वायव्येकडे हवा उंचावरून खाली उतरू लागते, उतरताना दाबली जाऊन तापते, तिची सापेक्ष आर्द्रता घटते आणि मेघ विरतात. सलग ५ दिवस पाऊस नसणे, बाष्प ओसरणे, वाऱ्यांनी दिशा पालटणे ही लक्षणे जुळल्यावाचून हवामान खाते मोसमी वाऱ्यांच्या माघारीची नोंद दप्तरी करीत नाही; पश्चिम राजस्थानातून तिची सर्वसाधारण तारीख १७ सप्टेंबर, दिल्लीतून २५. त्यानंतरच्या निरभ्र रात्री भूमीची उष्णता मोकळी निघून जाते, आणि पिकत आलेल्या भाताच्या लोंब्यांवर पहाटे दव उतरते.