सात वर्षांची दंतवैद्यक पदवी : एका पत्राच्या निमित्ताने

गेल्या वर्षी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, दवाखान्यात तापाच्या मुलांची गर्दी असताना, न्यू जर्सीहून माझ्या भाचीचा दूरध्वनी आला. तिच्या सतरा वर्षांच्या कन्येला एका महाविद्यालयाने सात वर्षांच्या संयुक्त अभ्यासक्रमात प्रवेश देऊ केला होता. तीन वर्षे महाविद्यालय, पुढे चार वर्षे दंतवैद्यक, आणि शेवटी दोन पदव्या. होकार १ मेपर्यंत कळवायचा होता. "मामा, तुम्हीच सांगा. हे पत्र स्वीकारावं, की तिला सरळ तिकडे बी.डी.एस.ला पाठवावं? तुमच्याकडे तर पाचच वर्षं लागतात ना?"

मी बालरोगतज्ज्ञ. दातांशी माझा संबंध दुधाचे दात कधी येणार हे विचारणाऱ्या मातांपुरता आणि बाटलीतील गोड दुधाने किडलेले पुढचे चार दात पाहून हळहळण्यापुरता. तथापि भाचीला 'ठाऊक नाही' असे म्हणणे जिवावर आले. पुढचे पंधरा दिवस मी या विषयात बुडून गेलो. आपल्या वाचकांपैकी अनेकांची मुले-भाचरे परदेशी आहेत, आणि हाच प्रश्न आज ना उद्या त्यांच्याही दारी येणार आहे. म्हणून जे समजले ते येथे मांडतो.

प्रथम पार्श्वभूमी. अमेरिकेत बारावीनंतर थेट वैद्यक वा दंतवैद्यक नाही. आधी चार वर्षांची पदवी, मग प्रवेशपरीक्षा, मग चार वर्षे दंतविद्यालय, अशी एकूण आठ वर्षे. हे पूर्वापार असे नव्हते. १८४० साली बाल्टिमोर येथे तेथील पहिले दंतविद्यालय निघाले, तेव्हा पदवीची अट कोठली असायला! विद्यापीठीय शिक्षणाचा आग्रह पुढे वाढत गेला. १९२६ च्या विल्यम गीस यांच्या अहवालाने दंतविद्यालयापूर्वी दोन वर्षे महाविद्यालयात शिकावे, असे सुचविले. त्या दोनांची हळूहळू चार झाली. आपल्याकडे उलट घडले. डॉ. रफीउद्दीन अहमद हे अमेरिकेतील आयोवा येथून दंतवैद्यक शिकून आले आणि १९२० साली त्यांनी कलकत्त्यात देशातील पहिले दंतमहाविद्यालय काढले. परंतु पुढे आपण शालान्त शिक्षणानंतर थेट प्रवेशाचाच मार्ग धरला. आज आपली बी.डी.एस. चार वर्षांची आणि त्यावर एक वर्ष आंतरवासिता. अमेरिकन लोक ज्याला 'त्वरित' म्हणतात, त्याहून आपला नेहमीचा क्रमच त्वरित आहे.

आता संयुक्त अभ्यासक्रमात एक वर्ष वाचते ते कसे? जादू काही नाही. दंतविद्यालयाच्या पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायनशास्त्र हे विषय असतात. तेच वर्ष महाविद्यालय आपल्या पदवीचे चौथे वर्ष म्हणून धरते. विद्यार्थी तीन वर्षांनी दंतविद्यालयात जातो आणि तेथील पहिले वर्ष संपल्यावर त्याला मूळ पदवी मिळते. एकच वर्ष दोन खात्यांत जमा होते, एवढेच. नेवार्क येथील न्यू जर्सी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी व रटगर्स दंतविद्यालय यांचा असा तीन अधिक चार करार आहे. न्यू जर्सीतील मराठी घरांना तो घराजवळ पडतो. कॅलिफोर्नियातील युनिव्हर्सिटी ऑफ द पॅसिफिकचे दंतवैद्यक वर्षभर अखंड चालून तीनच वर्षांत पुरे होते, त्यामुळे तेथे दोन अधिक तीन असा पाच वर्षांचा मार्गही आहे. अर्थात तो पेलणारी मुले विरळाच. शेवटी मिळणारी पदवी कोठे डी.डी.एस. तर कोठे डी.एम.डी. असते. भाचीला याचीच मोठी चिंता होती. दोन्हींत काडीचाही फरक नाही. हार्वर्डने १८६७ नंतर आपल्या पदवीसाठी लॅटिन नाव योजले, म्हणून ही दुसरी आद्याक्षरे रूढ झाली.

मी तिला ते पत्र पाठवायला सांगितले आणि औषधाच्या डबीतील माहितीपत्रक वाचावे तसे शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. पहिल्या परिच्छेदात अभिनंदन होते; अटी तिसऱ्या पानावर होत्या. दंतविद्यालयातील जागा 'राखीव' होती, पण अटींसह. तीन वर्षे ठरावीक सरासरी गुण टिकवायचे, प्रवेशपरीक्षेत किमान गुण मिळवायचे, दंतवैद्याजवळ बसून काम पाहिल्याचे तास दाखवायचे आणि अखेरीस मुलाखत द्यायची. अशा बहुतेक करारांत या अटी थोड्याफार फरकाने असतातच. काहींत प्रवेशपरीक्षा माफ असते. काहींत विद्यार्थ्याने अन्य दंतविद्यालयाकडे अर्ज केला तर राखीव जागा जाते. अट चुकली तरी मूल रस्त्यावर येत नाही. ते चौथे वर्ष पूर्ण करून इतरांप्रमाणे अर्ज करू शकते. मात्र सतराव्या वर्षी मिळालेली 'हमी' एकोणिसाव्या वर्षी हातून निसटली की मुलाच्या मनाचे काय होते, हे आपण बालरोगतज्ज्ञांनी वेगळे सांगायला नको.

पैशांचा विचारही केला. एका वर्षाचे शुल्क वाचते, हा लाभ खरा. शिवाय ४ जुलै २०२५ च्या अमेरिकन कायद्याने, १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांना सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलरपर्यंतच मर्यादित केले. अनेक दंतविद्यालयांचा खर्च त्याहून पुष्कळ अधिक आहे. त्यामुळे वाचलेल्या वर्षाचे मोल वाढले आहे. माझी नात तेथेच जन्मलेली. पण ज्यांची मुले वडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून आहेत, त्यांनी हे ध्यानी घ्यावे की असे मूल एकविसाव्या वर्षी त्या छत्राखालून बाहेर पडते, म्हणजे नेमके अभ्यासक्रमाच्या मध्यावर. आणि सरकारी कर्ज त्याला मिळत नाही.

राहिला भाचीचा दुसरा पर्याय : भारतात बी.डी.एस. 'पाचच वर्षे' हा हिशेब अपुरा आहे. आपल्या पदवीवर अमेरिकेतील बहुतेक राज्यांत थेट व्यवसाय करता येत नाही. तेथील राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण होऊन, परदेशी दंतवैद्यांसाठीच्या दोन ते तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात पुन्हा प्रवेश मिळवावा लागतो. पाच अधिक दोन वा तीन म्हणजे सात-आठच झाली. शिवाय परीक्षा आणि अर्ज यांत जाणारा काळ वेगळा. नीट सर्वांना अनिवार्य. अमेरिकन शाळेत शिकलेल्या मुलीने तो अभ्यासक्रम कधी पाहिलेलाही नसतो. ज्यांना ओसीआय कार्ड ४ मार्च २०२१ नंतर मिळाले, त्यांना केवळ अनिवासी भारतीयांच्या जागा खुल्या, आणि त्यांचे शुल्क जबर. ज्याला येथेच राहून व्यवसाय करायचा आहे त्याच्यासाठी आपली बी.डी.एस. उत्तम, अमेरिकेत परतण्यासाठी ती जवळची वाट नव्हे.

येथवर सारे सोपे होते. अडलो ते पुढे. इतक्या लहान वयात मुलीने बांधून घ्यावे का, या प्रश्नाला हिशेबाने उत्तर देता येईना. आपण येथे हे सहज करीत आलो आहोत. तेलंगणात स्थानिक उमेदवार ठरण्यासाठी बारावीपर्यंतची सलग चार वर्षे राज्यातच शिक्षण व्हावे लागते, आणि २०२५ साली सर्वोच्च न्यायालयानेही हा नियम ग्राह्य धरला. म्हणजे बेल्लमपल्लीच्या ज्या मराठी घराला अकरावीसाठी मुलाला नागपूरला पाठवायचे आहे, त्याला हा विचार मूल नववीत असतानाच करावा लागतो! मूल काय म्हणते, हे त्या वेळी कोण विचारतो?

मीही विचारले नव्हते. २०१७ साली माझ्या मुलीचे एम.बी.बी.एस. थोड्या गुणांनी हुकले. समुपदेशनाच्या रांगेत उभा राहून मी दहा मिनिटांत बी.डी.एस.ची जागा पक्की केली आणि घरी येऊन पेढे वाटले. तिने पहिली दोन वर्षे माझ्याशी कामापुरतेच बोलून काढली. २०२३ मध्ये आंतरवासिता संपवून आज ती मंचेरियालला स्वतःचे क्लिनिक चालविते, आणि काम मन लावून करते. तरी त्या दहा मिनिटांचा विषय आमच्यात कधी निघाला नव्हता.

म्हणून भाचीला मी सांगितले की तुझ्या मुलीशी मी बोलत नाही, माझी मुलगी बोलेल. त्या दोघी दीड तास बोलल्या. मी शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र उघडून बसलो होतो. "मला निवड करायला मिळाली नाही," असे मुलगी म्हणाली ते मला ऐकू आले. त्यात राग नव्हता. "पण तुला मिळते आहे. आधी विचार, की तिसऱ्या वर्षी तुला थांबावंसं वाटलं तर ते थांबू देतील का. उत्तर लेखी घे."

नातीने त्याच दिवशी महाविद्यालयाला पत्र धाडले. चार दिवसांनी उत्तर आले : चौथे वर्ष अवश्य घेता येईल, मात्र त्या स्थितीत दंतविद्यालयातील जागा राखून ठेवली जाणार नाही. ते वाचूनही २९ एप्रिलला तिने होकार कळविला. का, असे मी विचारले नाही.

जुलैमध्ये ती तीन आठवडे आमच्याकडे राहून गेली. रोज सकाळी मावशीबरोबर मंचेरियालला जाई आणि क्लिनिकमध्ये कोपऱ्यात उभी राहून पाही. पहिल्या दिवशी दाढ काढताना पाहून आली आणि जेवली नाही. आठवड्याभराने जेवताना तिने विचारले, "आजोबा, पाच वर्षांचं मूल तोंड उघडतच नसेल तर काय करायचं?" दातांविषयी तिने मला विचारलेल्या प्रश्नांपैकी एवढ्या एकाच प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी तयार होते.