मृत्युपत्राचा लाभ कोणाला?

म्हातारा जातो, तेरवी आटोपते, आणि मग पेटीतून एक कागद निघतो. धानाची सगळी बांधी पुतण्याच्या नावे! मुली विचारतात, "आम्हांला काहीच कसे नाही?" तिथून तंटा लागतो.

वाचकहो, पहिली गोष्ट ही की, मृत्युपत्राचा लाभ वारसालाच मिळावा असे बंधन हिंदू कायद्यात नाही. स्वतः कमावलेली जमीन कास्तकार पुतण्याला, सुनेला, सेवा करणाऱ्या शेजाऱ्यालाही देऊ शकतो. वडिलोपार्जित इस्टेटीत मात्र त्याला स्वतःच्या हिश्शापुरतेच लिहिता येते. २००५ च्या दुरुस्तीने अशा इस्टेटीत मुलीचाही जन्मतः हिस्सा मानला आहे. तो बापाला दुसऱ्याला देता येत नाही.

दुसरी गोष्ट साक्षीची. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे दोन साक्षीदार लागतात. ज्याला लाभ व्हायचा त्यानेच साक्ष घातली, तर ख्रिस्ती माणसाच्या मृत्युपत्रातील त्याची देणगी बुडते. हे कलम हिंदूंना लागू नाही. पण संशय राहतोच. लाभ घेणाराच कागद करवून घेण्यात पुढे असेल, तर तो संशय त्यानेच फेडला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये सांगितले.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत आणखी एक प्रश्न आहे. १९५६ चा हिंदू वारसा कायदा गोंड, माडिया अशा अनुसूचित जमातींना लागू नाही. तिथे रूढी चालते. मृत्युपत्र नसले की पुष्कळदा म्हणतात, "आमच्यात बाईला वाटा नाही." छत्तीसगडातील सरगुजा जिल्ह्याच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात १७ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विचारले, तशी रूढी सिद्ध कुठे झाली? ती सिद्ध न झाल्याने मुलीच्या वारसांना समान वाटा मिळाला.

वनपट्ट्याचे निराळे आहे. २००६ च्या कायद्याने तो वारसांकडे जातो, पण विकता किंवा दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. लग्न झालेल्यांचा पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे असतो.

गुरुजी, गावात मृत्युपत्र लिहायला पुष्कळदा तुम्हांलाच बोलावतात. तेव्हा लाभ घेणाऱ्याला बाहेर बसवा. म्हाताऱ्याला मजकूर त्याच्याच बोलीत वाचून दाखवा. साक्षीदार शक्यतो वयाने लहान घ्या, म्हणजे पुढे कोर्टात सांगायला ते हयात असतील. आणि मुलीला वगळायचे असेल, तर कारण लिहायला सांगा. कारण लिहिताना एखाद्या बापाचा हात थबकला, तर तेही बरेच झाले.