गर्दीचा काळ आणि वीस बाजूंचा फासा

आमच्या घरी महिन्यातून दोन रविवार दुपारी साडेतीनला पेंढारी येतात. आई त्याआधीच चहा उरकून घेते, कारण एकदा ते आले की टेबलावरून कोणी उठत नाही.

घाबरू नका, मंडळी. हा बैठा खेळ आहे. मी, माझी बारा वर्षांची भाची, चौदा वर्षांचा पुतण्या, कॉलनीतली दोन मुलं आणि अलीकडे बाबासुद्धा. एक जण सूत्रधार, म्हणजे मी. मी प्रसंग सांगतो: रात्र आहे, पाऊस आहे, नदी चढली आहे आणि पलीकडच्या काठावर मशाली दिसताहेत. काय करणार? प्रत्येक जण आपल्या पात्राच्या तोंडून उत्तर देतो. जमेल की नाही अशी शंका असली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. पडदा नाही, जॉयस्टिक नाही. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' काढला, तेव्हापासून हा प्रकार जगभर चालू आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो 'स्ट्रेंजर थिंग्ज'मध्ये पाहिला असेल.

मला मात्र जास्त आवडला तो ब्रिटनमधला १९८६ चा 'वॉरहॅमर फँटसी रोलप्ले'. त्यात तुम्ही राजपुत्र नसता. उंदीर पकडणारे असता, नावाडी असता. जखम झाली तर ती चिघळते. बी. ई.ला असताना होस्टेलवर आम्ही तो रात्र-रात्र खेळायचो. सबमिशनचं काय झालं ते इथे लिहीत नाही, आई हा अंक वाचते.

मुलांसाठी खेळ सुरू केला तेव्हा मी तेच युरोपी जग उचललं होतं. दगडी किल्ले, बर्फ, टॅव्हर्न. दुसऱ्याच रविवारी भाचीने विचारलं, "मामा, टॅव्हर्न म्हणजे काय?" म्हटलं, प्रवासी उतरतात ती जागा. "मग धर्मशाळा म्हण ना." मला उत्तर सुचलं नाही. त्या रात्री नकाशा फाडला आणि माळव्याचा काढायला घेतला.

काळ शोधायला फार लांब जावं लागलं नाही. १७९५ मध्ये अहिल्याबाई गेल्या, १७९७ मध्ये तुकोजीराव गेले आणि त्यानंतर १८१८ पर्यंतची वीस वर्षं माळव्यात जे झालं त्याला इथले लोक 'गर्दी का वक्त' म्हणत. आपल्या 'भाऊगर्दी'तलीच ही गर्दी, म्हणजे कापाकापी आणि धूळधाण. जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ च्या आपल्या मध्य भारतावरच्या ग्रंथात या काळाबद्दल पुष्कळ लिहून ठेवलं आहे. तो जिंकणाऱ्यांच्या बाजूचा, तेव्हा मीठ चवीपुरतं घालूनच वाचावा. पण तपशील असे आहेत की मला वेगळं कल्पित जग रचण्याची गरजच उरली नाही.

शिलेदार आणि बारगीर यांचंच बघा. बारगिराचा घोडा सरकारचा, शिलेदाराचा स्वतःचा. घोडा मेला तर शिलेदाराचं पोटच गेलं, म्हणून तो नको तिथे घोडा घालायला बिचकायचा. हे मी नियमात जसंच्या तसं घेतलं. आमच्याकडे शिलेदाराच्या कागदावर त्याच्या जखमांपेक्षा घोड्याच्या जखमांचे रकाने मोठे आहेत. पुतण्या आधी तावातावाने शिलेदार झाला आणि तीन रविवार लढाईच टाळत बसला.

जादू अगदी थोडी आहे. उज्जैन जवळ असताना वेताळाला वगळणं शक्यच नव्हतं. आमचा वेताळ विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर देतो, पण बदल्यात एक आठवण नेतो. कोणती, ते खेळाडूने ठरवायचं आणि कागदावरून खोडायचं. मुलं तलवारीला घाबरत नाहीत, या खोडरबराला घाबरतात.

बाकी पैसा हुंडीत, कारण नाणी घेऊन फिरणारा टिकत नाही. धान्य बंजाऱ्यांच्या बैलांवर. पावसाळ्यात काळ्या मातीत गाड्या रुततात म्हणून सगळं थंडावतं आणि दसरा झाला, नद्या उतरल्या की पेंढारी निघतात. त्यांच्यात शिंदेशाही आणि होळकरशाही असे गट होते. चितू हा त्यांचा नामी पुढारी, त्याचा तळ सातवासच्या बाजूला, म्हणजे इथून गाडीने काही तासांवर. इंग्रज मागे लागल्यावर तो जंगलात शिरला आणि शेवटी वाघाने त्याला मारलं. हे मी मुलांना सांगितलं तेव्हा कॉलनीतला एक जण म्हणाला, "भिया, ये तो आपने बनाया है।" नाही हो, हे खरं आहे.

आता जरा अडचणीचा भाग.

आपण इंदूरची मराठी माणसं यशवंतराव होळकरांचं नाव अभिमानाने घेतो आणि घ्यावंच. भावाच्या खुनानंतर पळून जाऊन त्यांनी शून्यातून फौज उभी केली आणि पुढे इंग्रजांनाही जेरीस आणलं. पण खेळात आम्ही १८०१ सालात पोहोचलो. जुलैत यशवंतरावांनी उज्जैनला शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि शहराकडून जबर वसुली झाली. ऑक्टोबरात शिंद्यांचे सर्जेराव घाटगे इंदूरवर आले, शहर लुटलं, राजवाडा जाळला. दोन्हीकडे मराठी सरदार. भाचीचं पात्र हरकारा, म्हणजे बातम्या पोहोचवणारी. आणि तिच्या बाबांचं घर उज्जैनचं. मी उज्जैनच्या सावकाराच्या दारातलं दृश्य सांगत होतो. पलंग उलटा केलेला, फरशा उखडलेल्या, म्हातारा अंगणात उन्हात उभा केलेला. ती फासा हातात धरून बसली आणि म्हणाली, "मामा, मग आपण कोणाच्या बाजूचे?"

बाबा शेजारच्या खोलीत पेपर वाचत होते. ते बाहेर आले आणि म्हणाले, "पोरांना हे शिकवतोस?" त्यांचं म्हणणं होतं, नावं बदल. खोटी नगरं घाल, खोटे सरदार घाल, हवं ते कर. मी म्हटलं, नावं बदलली की हा प्रश्नच पडणार नाही. ते म्हणाले, बारा वर्षांच्या मुलीला तो पडायची काय घाई आहे? दोघांचेही आवाज चढले. मुलं निमूटपणे आपापले फासे गोळा करून गेली. पुढचा रविवार आम्ही खेळलो नाही.

बाबा चुकले होते असं मला आजही म्हणता येत नाही. पेंढारी पैसे काढायला काय काय करायचे हे मी वाचलंय, आणि त्यातलं बरंच मी मुलांसमोर आणत नाही. म्हणजे गाळतो मीही. कुठे गाळायचं एवढाच आमचा वाद.

पंधरा दिवसांनी मुलं पुन्हा बसली तेव्हा बाबा खुर्ची ओढून आले. "गावाला पाटील आहे का?" नव्हता. "मग मी पाटील. आणि मी ना होळकरांचा, ना शिंद्यांचा. गावाचा पाटील." भाचीने लगेच त्यांचा कागद तयार केला. वय अडुसष्ट, एक म्हैस, गुडघेदुखी.

पेंढारी दोन कोसांवर होते. मुलांनी ठरवलं, सगळ्यांनी गढीत शिरायचं आणि दार लावायचं. बाबांनी विचारलं, "गढीत विहीर आहे?" मी ती काढायलाच विसरलो होतो. फासा टाकला. तीन. विहीर आहे, पाणी नाही. "मग गढीत कोणी जायचं नाही," बाबा म्हणाले. बायकामुलं नाल्याच्या बाजूने रानात पाठवली. धान्याची दोन पेवं बुजवली आणि तिसरं मुद्दाम उघडं ठेवलं, "काहीच सापडलं नाही तर ते चिडतील." आणि स्वतः कुळकर्ण्याला घेऊन वेशीवर बोलणी करायला उभे राहिले. लागत होते पंधरा. पडले अकरा.

निम्मं गाव जळालं. माणसं वाचली. पाटलाच्या खांद्यात भाला गेला आणि आमच्या नियमाप्रमाणे अशी जखम भरायला खेळातले चाळीस दिवस लागतात, तेही ताप चढला नाही तर. भाचीने विचारलं, वेताळाला औषध विचारू का? बाबांनी साफ नकार दिला. "तू काही विसरायचं नाहीस."

सध्या सहामाही परीक्षा आहेत, म्हणून खेळ बंद आहे. पण रोज सकाळी शाळेच्या बसला जाताना भाचीचा फोन येतो आणि ती आधी आजोबांना मागते. पाटलाचा ताप उतरला का, एवढंच विचारायला.